मोजतात ती पडझड, वारा नव्हे : टोर्नेडोविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात टोर्नेडोंविषयीचे प्रश्न सर्वाधिक होते. ते कुठे होतात, आणि बातम्यांत येणारा ‘ईएफ-३’, ‘ईएफ-४’ हा तीव्रतेचा आकडा कोण, कधी आणि कशावरून ठरवतो, हे बहुतेकांना जाणून घ्यायचे आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : चक्रीवादळ, वावटळ आणि टोर्नेडो हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. फरक नेमका काय?

चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. टोर्नेडो म्हणजे एकाच गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोचलेला, जोराने फिरणारा हवेचा खांब. परिभाषेत त्याला घूर्णवाती वादळ म्हणतात, पण बोलण्यात टोर्नेडोच रुळला आहे. त्याची रुंदी बहुधा काही दहा ते काहीशे मीटर असते आणि बरेचसे दहा-एक मिनिटांत विरून जातात. वावटळीला ढग लागतच नाही. तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते आणि गिरकी घेते, म्हणून निरभ्र दुपारीही वावटळ दिसते.

ढगातून लोंबणारी सोंड जमिनीला टेकलेली दिसली तरच टोर्नेडो, हा समज मात्र धोक्याचा आहे. सोंड म्हणजे केवळ थंड होऊन साकळलेली वाफ. ती निम्म्यात संपलेली दिसत असेल आणि तिच्याखाली जमिनीवर धूळ-पाचोळ्याचे कडे गरगरत असेल, तर वारा खालपर्यंत पोचलेला आहे.

जाता जाता, ‘मिनी टोर्नेडो’ असा प्रकार हवामानशास्त्रात नाही. लहान असला तरी तो टोर्नेडोच.

प्रश्न : जगातले सर्वाधिक टोर्नेडो अमेरिकेतच का होतात? आकडा फुगवलेला तर नाही?

अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडोंची नोंद होते. दुसरा क्रमांक कॅनडाचा, आणि तो फार मागे आहे. त्याचे कारण भूगोलात आहे. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकते. तिच्या वर नैर्ऋत्येकडच्या उंच, कोरड्या प्रदेशातून आलेली तापलेली हवा झाकणासारखी बसते. त्याहून वर रॉकी पर्वत ओलांडून पश्चिमेचे थंड आणि वेगवान वारे वाहतात. झाकणामुळे खालची वाफ दिवसभर कोंडलेली राहते. दुपार कलताना ते एखाद्या ठिकाणी फुटले की ढग तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंची गाठतो.

नुसती वाफ आणि उष्णता असेल तर वादळ होईल, पाऊस-गारा पडतील. टोर्नेडो होईलच असे नाही. त्यासाठी उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग दोन्ही बदलावे लागतात. जमिनीजवळ आग्नेयेचा वारा, वर नैर्ऋत्येचा, त्याहून वर पश्चिमेचा आणि दर थराला वेग चढता, अशी रचना असली की हवा आडव्या लाटण्यासारखी गोल फिरू लागते. ढगातला वर जाणारा झोत हे लाटणे उचलून उभे करतो आणि सगळा ढगच फिरू लागतो. अशा फिरत्या ढगांना सुपरसेल म्हणतात. जगातले जवळजवळ सगळे अतितीव्र टोर्नेडो त्यांच्यापासूनच होतात. तरीही बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न करताच विरतात, हेही तितकेच खरे.

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या मैदानी पट्ट्याला ‘टोर्नेडो ॲली’ म्हणतात. तिथला हंगाम मुख्यतः एप्रिल ते जून, वेळ दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत. मात्र मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी या आग्नेयेकडच्या राज्यांत माणसे जास्त मरतात. तिथे टोर्नेडो रात्री-अपरात्री आणि हिवाळ्यातही येतात, झाडी आणि टेकड्यांमुळे दुरून दिसत नाहीत, आणि पायाला न बांधलेल्या फिरत्या घरांत राहणारे लोक पुष्कळ आहेत. गेल्या काही दशकांत टोर्नेडोला पोषक दिवस मैदानी पट्ट्यात कमी आणि या पूर्वेकडच्या पट्ट्यात जास्त होत असल्याचे दिसते.

आता फुगवण्याविषयी. आकडा खोटा नाही, पण तो पाहणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. १९९०च्या दशकात ढगातल्या वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या डॉप्लर रडारांचे जाळे पूर्ण झाले, पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, आणि दुबळ्या टोर्नेडोंच्या नोंदी वाढल्या. तीव्र टोर्नेडोंची संख्या तशी वाढलेली नाही. कॅनडात २०१७ मध्ये वेस्टर्न युनिव्हर्सिटीने ‘नॉर्दर्न टोर्नेडोज प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यातल्या अभ्यासकांनी उपग्रह आणि विमानातून घेतलेली जंगलांची छायाचित्रे तपासली. मोडलेल्या झाडांच्या लांबच लांब पट्ट्या सापडल्या, म्हणजे कोणीही न पाहिलेले टोर्नेडो. म्हणून टोर्नेडोंचा कोणताही नकाशा पाहताना तिथे माणसे किती राहतात, हेही पाहावे.

प्रश्न : सर्वांत जास्त बळी घेणारा टोर्नेडो अमेरिकेतला नाही असे वाचले. मग कुठला?

बांगलादेशातला. २६ एप्रिल १९८९ रोजी माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागावरून गेलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे दगावली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत हाच उच्चांक आहे. अमेरिकेतला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो १८ मार्च १९२५चा. तो मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर गेला आणि त्यात ६९५ बळी गेले.

बंगालच्या सपाट प्रदेशात अमेरिकेसारखीच मांडणी लहान प्रमाणावर जमते. बंगालच्या उपसागरावरून दमट हवा येते. पश्चिमेकडून, छोटा नागपूरच्या पठारावरून, तापलेली कोरडी हवा तिच्यावर चढते. मार्च ते मे या काळात वर पश्चिमेचे वेगवान वारे अजून हिमालयाच्या दक्षिणेकडे असतात. यातून उठणाऱ्या वादळांना बंगालात कालबैशाखी म्हणतात. त्यांतली बहुतेक सरळ वाऱ्याची असतात. थोड्या वादळांतून टोर्नेडो होतो. मोसमी पाऊस सुरू झाला की वरचे पश्चिमी वारे हिमालयाच्या उत्तरेला सरकतात. वाफ मुबलक असते, पण वाऱ्याची ती थरांची रचना मोडते, म्हणून पावसाळ्यात हा हंगाम संपतो.

भारतात ओडिशा, पश्चिम बंगाल आणि आसपासचा भाग याच पट्ट्यात येतो. ३१ मार्च २००९ रोजी ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात आणि ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमधल्या जलपैगुडी जिल्ह्यात माणसे दगावली ती अशाच वादळांत. उत्तरेकडे घटना विरळ आहेत, पण १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरातून टोर्नेडो गेला होता.

बांगलादेशात बळी जास्त जातात ते वारा अमेरिकेपेक्षा जोरदार असतो म्हणून नव्हे. वस्ती दाट, घरे बांबू आणि पत्र्याची, तळघर नाही. उडालेला पत्रा हवेत पात्यासारखा फिरतो आणि बहुतेक जखमा त्यानेच होतात. शिवाय इशारा माणसांपर्यंत पोचायला अवधीच नसतो.

प्रश्न : उरलेल्या जगाचे काय? असा एखादा खंड आहे का जिथे टोर्नेडो होतच नाही?

अंटार्क्टिकावर नोंद नाही. बाकी सगळ्या खंडांवर आहे. दक्षिण अमेरिकेत उत्तर-मध्य अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील हा पट्टा महत्त्वाचा. १० जानेवारी १९७३चा अर्जेंटिनातल्या सान हुस्तोचा टोर्नेडो तिथला सर्वांत तीव्र मानला जातो. युरोपात दरवर्षी काहीशे होतात. इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये क्षेत्रफळाच्या मानाने संख्या लक्षणीय आहे, पण बहुतेक दुबळे. अपवाद अधूनमधून घडतो. २४ जून २०२१ रोजी चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण मोराव्हियात एका टोर्नेडोने कित्येक गावे उद्ध्वस्त केली. चीनमध्ये च्यांग्सू प्रांतात २३ जून २०१६ रोजी शंभराच्या आसपास माणसे मेली. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि जपान हेही नकाशावर आहेत.

विषुववृत्ताजवळ वाफ हवी तितकी असते, पण वरचे वारे मंद असल्यामुळे तीव्र टोर्नेडो जवळपास होतच नाहीत. चक्रीवादळ किनाऱ्याला लागताना मात्र त्याच्या बाहेरच्या ढगपट्ट्यांत टोर्नेडो होऊ शकतात. २००४च्या आयव्हन चक्रीवादळातून अमेरिकेत शंभराहून अधिक झाले.

नदी, डोंगर किंवा उंच इमारती टोर्नेडोला अडवतात ही समजूत जगभर सापडते, आणि जगभर ती चुकीची ठरली आहे. २१ जुलै १९८७चा टोर्नेडो यलोस्टोनच्या परिसरात जवळपास ३,००० मीटर उंचीवरचा पर्वतकणा ओलांडून गेला.

प्रश्न : ‘एफ’ आणि ‘ईएफ’ या मापनश्रेणी कोणी केल्या? आकड्यांचे वेग काय?

पहिली श्रेणी शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडली. नागासाकीच्या अणुस्फोटानंतर झाडे कोणत्या दिशेला पडली याचा त्यांनी तरुणपणी अभ्यास केला होता. पडझडीवरून वारा वाचायची सवय तिथली. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या जुन्या बोफोर्ट श्रेणीचा बारावा आकडा आणि ध्वनीचा वेग यांच्यामध्ये त्यांनी बारा पायऱ्या आखल्या. प्रत्यक्षात एफ-० ते एफ-५ एवढ्याच वापरात आल्या.

अडचण अशी की त्या पायऱ्यांचे वेग मोजून ठरवलेले नव्हते. एफ-५ म्हणजे ताशी ४१९ ते ५१२ किलोमीटर असे लिहिलेले असे. नंतर अभियंत्यांनी घरांचे हिशेब केले तेव्हा लक्षात आले की चांगले बांधलेले घर जमीनदोस्त व्हायला इतका वारा लागतच नाही. म्हणून सुधारित श्रेणी आली. ‘ईएफ’मधला ‘ई’ त्या सुधारणेचा. अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून आणि कॅनडात एप्रिल २०१३ पासून ती लागू आहे.

तिच्यातले वेग तीन सेकंदांच्या झोताचे आहेत, ताशी किलोमीटरमध्ये :

ईएफ-० : १०५ ते १३७
ईएफ-१ : १३८ ते १७७
ईएफ-२ : १७८ ते २१७
ईएफ-३ : २१८ ते २६६
ईएफ-४ : २६७ ते ३२२
ईएफ-५ : ३२२ च्या वर

या पायऱ्या समान वाटतात, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०५च्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ५३ किलो वजनाएवढा, तर ३२२च्या वाऱ्याचा सुमारे ५०० किलो. वेग तिप्पट, भार नऊपटीहून जास्त. हा हिशेब स्वच्छ हवेचा आहे. उडालेल्या तुळया आणि गाड्या त्यात धरलेल्या नाहीत.

प्रश्न : पण वारा मोजतच नसतील तर आकडा येतो कुठून? पाहणी करणारे नेमके काय पाहतात?

हा या वेळचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

टोर्नेडो निघून गेल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, हवामान कार्यालयाचे पथक जागेवर जाते. पहिले काम, तो टोर्नेडोच होता का हे ठरवणे. झाडे कोणत्या बाजूला पडली आहेत ते पाहतात. ढगातून खाली आदळलेला सरळ वारा झाडांना पंख्यासारखी बाहेर पसरवून पाडतो. टोर्नेडोच्या वाटेवर दोन्ही बाजूंची झाडे मधल्या रेषेकडे झुकून पडतात, काही उलट दिशेलाही. पट्टाही अरुंद आणि लांब असतो. त्यानंतर सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे बिंदू अक्षांश-रेखांशांसह नोंदवून वाटेची लांबी आणि जास्तीत जास्त रुंदी काढतात.

मग प्रत्येक पडझडीची नोंद. ईएफ श्रेणीत नुकसानाचे २८ निर्देशक आहेत : लहान धान्यकोठार, एक-दोन कुटुंबांचे घर, फिरते घर, शाळा, गोदाम, पेट्रोल पंपाचे छत, वीजवाहिनीचे मनोरे, दिव्याचे खांब, कठीण लाकडाचे झाड, मऊ लाकडाचे झाड वगैरे. प्रत्येक निर्देशकाला नुकसानाच्या चढत्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला तीन वेग दिलेले आहेत : अपेक्षित, किमान आणि कमाल.

घराचेच उदाहरण घेऊ. त्याला दहा पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीत छपराच्या फळ्या उचकटतात, अपेक्षित वेग ताशी १५६ किलोमीटर. सहाव्या पायरीत छपराचा मोठा भाग जातो पण बहुतेक भिंती उभ्या राहतात, १९६. आठव्या पायरीत आतल्या लहान खोल्या सोडून भिंती कोसळतात, २४५. नवव्या पायरीत सगळ्याच भिंती पडतात, २७४. दहाव्या पायरीत जोत्याची फरशी धुऊन काढल्यासारखी मोकळी होते, ३२२. या शेवटच्या पायरीचा किमान वेग २६६ आणि कमाल ३५४ आहे. म्हणजे तीच मोकळी फरशी ईएफ-३च्या वरच्या टोकापासून ईएफ-५पर्यंत कुठेही बसू शकते.

कुठे बसवायची ते जोडण्या ठरवतात. पाहणी करणारा फरशीवर वाकून भिंतीची खालची लाकडी पट्टी कशाने बसवली होती ते पाहतो. काँक्रीटमध्ये रुतलेले बोल्ट, त्यांना वॉशर आणि नट, बोल्ट वाकलेले, असे असेल तर घर शर्थीने झुंजले. वेग वरच्या बाजूला. बोल्ट आहेत पण नट कधी लावलेच नव्हते, किंवा पट्टी नुसत्या सरळ खिळ्यांनी ठोकलेली होती, तर तेच घर बऱ्याच कमी वाऱ्यातही सरकते. वेग खालच्या बाजूला. छपराचे वासे भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी बांधले होते की तिरप्या खिळ्यांनी, हेही पाहतात. शेजारची झुडपे उभी असतील आणि घर मात्र गेले असेल, तर संशय घरावर जातो, वाऱ्याचे श्रेय कमी होते. शेजारच्या घराचा ढिगारा येऊन आदळल्याने भिंत पडली असेल, तर तेही वजा करावे लागते.

शेवटी संपूर्ण वाटेवरच्या सर्वांत तीव्र, खात्रीच्या बिंदूचा आकडा त्या टोर्नेडोला मिळतो. ईएफ-४ टोर्नेडो म्हणजे पूर्ण वाटभर ईएफ-४ असा अर्थ नाही. वाटेचा बराचसा भाग ईएफ-० आणि ईएफ-१चाच असतो, आणि सर्वोच्च नुकसान कधीकधी दोन-चार घरांपुरते मिळते. काहीच न मोडता टोर्नेडो मोकळ्या शेतातून गेला तर आकडा न देता ‘अज्ञात’ असे लिहितात.

प्रश्न : २०१३चा एल रीनोचा टोर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद होता, रडारने प्रचंड वेग मोजला, तरी तो ईएफ-३ कसा?

वरच्या उत्तराचा तो सर्वांत बोलका दाखला. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळ गाड्यांवर बसवलेल्या फिरत्या रडारांनी ताशी ४७० किलोमीटरच्या आसपासचे वेग टिपले. पण ते वेग बहुतांश शेतांवरून गेले. जिथे वारा सर्वाधिक होता तिथे मोडायला फारसे काही नव्हते. जी बांधकामे मोडली त्यांच्यावरून ईएफ-३च निघाला. आधी रडारच्या आधारे ईएफ-५ जाहीर झाले होते, ते नंतर बदलण्यात आले.

रडारचा आकडा का घेत नाहीत? एक तर रडार बहुधा जमिनीपासून काही दहा ते काहीशे मीटर उंचीवरचा वारा पाहते आणि श्रेणीतला वेग घराच्या उंचीचा आहे. दुसरे, फिरते रडार मोजक्याच टोर्नेडोंच्या जवळ पोचते. काहींना रडारने आणि बाकीच्यांना पडझडीने मोजले तर जुन्या नोंदींशी तुलनाच तुटेल. आमच्या मते हे दुसरे कारण रास्त आहे, पण वाचकाने त्याची किंमत ओळखून असावे. ग्रामीण भागातून गेलेल्या टोर्नेडोचा आकडा हा ‘किमान एवढा तरी’ असा वाचावा. नुसत्या झाडांच्या पुराव्यावर अंदाज ईएफ-३च्या पलीकडे क्वचितच जातो, कारण झाड एकदा साल सोलून, फांद्या मोडून खुंट झाले की त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

रुंदी आणि तीव्रता यांत ढोबळ संबंध आहे, नियम नाही. दोरीसारखी बारीक सोंडही घर उपटते.

प्रश्न : मग ईएफ-५ टोर्नेडो मध्यंतरी बारा वर्षे झालेच नाहीत, याचेही कारण हेच का?

बऱ्याच अंशी. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या मूर शहरातला टोर्नेडो ईएफ-५ ठरला, आणि पुढचा थेट २० जून २०२५चा, नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनचा. मधल्या काळात ईएफ-४ पुष्कळ झाले. १० डिसेंबर २०२१चा केंटकीतल्या मेफील्डचा त्यांतलाच. वरचा तक्ता पुन्हा पाहा. नेहमीच्या चांगल्या बांधणीचे घर पूर्ण साफ झाले तर अपेक्षित वेग ३२२, म्हणजे ईएफ-४ची वरची हद्द. ईएफ-५ मिळवायला घर नेहमीपेक्षा मजबूत असावे लागते, आणि तशी घरे कमी. पाहणी जितकी काटेकोर होत गेली, तितके त्रुटी असलेले घर शोधणे सोपे झाले.

एंडरलिनला घराने नव्हे, आगगाडीने निकाल लावला. मालगाडीचे डबे रुळांवरून उलथले आणि एक रिकामा टाकीडबा सुमारे १४५ मीटर लांब जाऊन पडला. मालडबे त्या २८ निर्देशकांत नाहीत, त्यामुळे अभियंत्यांनी डबा उचलायला लागणाऱ्या वाऱ्याचा स्वतंत्र हिशेब केला. ताशी ३३८ किलोमीटरहून अधिक वेग निघाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, घटनेनंतर साडेतीन महिन्यांनी, आकडा बदलला. योगायोग असा की तिथून जवळच असलेल्या फार्गो शहरातल्या ज्या टोर्नेडोची छायाचित्रे गोळा करून फुजितांनी नाव कमावले, तोही २० जूनचाच, १९५७ सालचा.

प्रश्न : सगळे देश हीच श्रेणी वापरतात का?

नाही. ब्रिटनमध्ये टेरेन्स मीडन यांनी १९७०च्या दशकात बोफोर्ट श्रेणीला जोडून टी-० पासून सुरू होणारी, बारीक पायऱ्यांची टोरो श्रेणी केली; साधारण दोन ‘टी’ पायऱ्या म्हणजे एक ‘एफ’ पायरी. जपानने २०१६ पासून स्वतःची सुधारित आवृत्ती घेतली. त्यात तिथली लाकडी घरे तर आहेतच, पण रस्त्यावरची विक्रीयंत्रे आणि थडग्यांचे दगडही निर्देशक आहेत, कारण तिथे तेच सगळीकडे सापडतात. युरोपात आता आंतरराष्ट्रीय फुजिता श्रेणी, ‘आयएफ’, वापरात येत आहे. तिच्यात इमारतीचा मजबुतीनुसार वर्ग आधी ठरवतात. युरोपातले जाड विटांचे घर आणि अमेरिकेतले लाकडी सांगाड्याचे घर एका तराजूत बसत नाही, हे त्यामागचे कारण.

प्रश्न : इशारा येतो तेव्हा ‘ईएफ-२ येत आहे’ असे का सांगत नाहीत?

कारण तेव्हा मोडलेले काहीच नसते, आणि आकडा मोडतोडीवरून ठरतो. थेट प्रक्षेपणात कोणी ‘हा ईएफ-५ आहे’ म्हणत असेल तर तो अंदाज आहे. अमेरिकेत इशाऱ्याला संभाव्य हानीनुसार वेगळी शेरेपट्टी जोडतात आणि दाट वस्तीवर मोठा टोर्नेडो चालून येत असल्याची खात्री असेल तर ‘टोर्नेडो आणीबाणी’ जाहीर करतात. ३ मे १९९९ रोजी ती पहिल्यांदा वापरली गेली. इशारा आणि टोर्नेडो यांत बहुधा दहा-पंधरा मिनिटेही मिळत नाहीत, तेव्हा आकडा शोधण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, असे जुन्या सूचनांत असे. खरे का?

चुकीचे, आणि घातक. घर कमी दाबामुळे फुटत नाही. ते मोडते ते असे : वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा गॅरेजचे रुंद दार आधी आत ढकलले जाते. वारा आत शिरतो आणि छपराला खालून रेटतो. त्याच वेळी छपरावरून वाहणारा वारा त्याला वरून ओढत असतो. दोन्ही बळे एकाच दिशेला. छप्पर उचलले गेले की भिंतींचा वरचा आधार जातो आणि त्या कोसळतात. खिडकी उघडून आपण पहिली पायरी स्वतःच्या हाताने पूर्ण करून देतो. शिवाय काचेपाशी जाण्यात मोलाची मिनिटे जातात.

करायचे ते हे. तळघर असेल तर तिथे, नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, मध्यभागीच्या, बिनखिडकीच्या लहान खोलीत जावे : न्हाणीघर, कोठीची खोली, जिन्याखालची जागा. वरच्या पायऱ्यांचे कोष्टक आठवले तर कारण कळते. आठव्या पायरीपर्यंत उभ्या राहतात त्या याच खोल्या. खाली बसून डोके झाकावे, हाताशी हेल्मेट असेल तर घालावे, जाड गादी अंगावर ओढावी. पायांत मजबूत बूट हवेत, नंतर काचा-खिळ्यांतून बाहेर पडावे लागते. फिरते घर सोडून आधीच पक्क्या इमारतीत जावे. मोठ्या सभागृहात, दुकानात किंवा व्यायामशाळेत थांबू नये, तिथल्या लांब छताला मधे आधार नसतो.

गाडीत असाल आणि जवळ पक्की इमारत नसेल, तर पट्टा बांधून, डोके खिडकीच्या पातळीखाली घेऊन, हातांनी झाकून बसावे. किंवा रस्त्यापेक्षा बराच खोल खड्डा असेल तर त्यात पालथे पडावे. उड्डाणपुलाखाली थांबू नये. अरुंद जागेतून वारा अधिक वेगाने वाहतो आणि उडणारा कचरा नेमका तिथेच कोंबला जातो. १९९९ मध्ये ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेली माणसे अशीच दगावली.

कायमची सोय करायची असेल तर सुरक्षित खोली बांधता येते. अमेरिकेतल्या निकषानुसार तिने ताशी ४०० किलोमीटरचा वारा सोसला पाहिजे. तिची भिंत आणि दार तपासताना ६.८ किलो वजनाची लाकडी फळी ताशी १६० किलोमीटर वेगाने टोकावर फेकून मारतात. दार हा सर्वांत कच्चा दुवा. साध्या चौकटीवर पोलादी दार बसवले तर दार शाबूत राहते आणि बिजागऱ्या उखडतात. म्हणून दार, चौकट आणि कड्या एकत्र तपासलेला संच घ्यावा, सुटे भाग जोडू नयेत.